«ती आली की पूल बांधू»

बडोद्याहून एका ताईंनी पाठवलेलं पत्र थोडं कमी करून देत आहे.

«दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. घरात मी, माझे यजमान आणि सासूबाई. सासूबाईंचं वय 71. मुलगी गेल्या ऑगस्टमध्ये शिकायला टोरांटोला गेली. जाताना स्वतःचा निंटेंडो स्विच, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा कन्सोल, आजीला देऊन गेली, तिथे तिने दुसरा घेतला. त्यात ॲनिमल क्रॉसिंग म्हणून प्राण्यांच्या गावाचा गेम आहे. आई रोज तीन-तीन तास त्यात असतात. दुपारी बाराच्या ठोक्याला हातातलं काम टाकून उठतात आणि सलगमचा भाव वहीत लिहितात. ‹नूकचं कर्ज फेडायचंय› म्हणतात. परवा स्वतःशीच म्हणाल्या, ‹ती आली की पूल बांधू.› मला धस्स झालं. हरिपाठाच्या मंडळात जाणं बंद केलंय. मंडळ आता वाघोडिया रोडला भरतं, पण रिक्षाचे पैसे आम्ही देऊ ना! संध्याकाळची बीपीची गोळी दोनदा राहिली. रविवारी संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवून नातीबरोबर तासभर त्या गेममध्ये असतात. माझ्याशी मुलगी पाच मिनिटं बोलते, जेवलीस का, झोपलीस का, की संपलं. यजमान म्हणतात, म्हातारपणाचं खूळ आहे, सोड. नणंद म्हणते, सगळं पुसून तिच्या नातवाला देऊन टाका. देऊ का?»

ताई, नमस्कार.

देऊ नका. घाईने तर मुळीच नको, कारण ही गोष्ट एकदा केली की परत फिरवता येत नाही. या गेममधलं गाव एका बेटावर वसतं, आणि एका कन्सोलवर एकच बेट असतं. दुसऱ्या कुणाला कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची असेल तर आधीचं बेट पुसावं लागतं. मग घरं, बागा, संग्रहालयात जमा केलेले मासे आणि किडे, सगळं जातं. आणि त्या बेटावर एकट्या सासूबाईंचं घर नाही. तुमच्या मुलीचंही आहे. तिने जाण्याआधी मांडलेलं, भिंतींचे कागद निवडून लावलेलं घर अजून तसंच उभं आहे. गेले काही महिने त्याच्या आसपासचं गवत सासूबाई उपटत असतील आणि फुलांना पाणी घालत असतील, असं मला वाटतं. आज विचारून पाहा.

आता पुलाचं. त्या वाक्याने तुम्हाला धस्स झालं, पण सासूबाई अगदी शुद्धीवर आणि अगदी बरोबर बोलल्या आहेत. बेटावर जो सगळ्यात आधी राहायला येतो तो त्या बेटाचा प्रतिनिधी होतो. पूल कुठे बांधायचा, दुकान कुठे हलवायचं, हे ठरवायचा अधिकार त्याच्या एकट्याकडे असतो. मागून आलेल्या रहिवाशाला मासे पकडता येतात, झाडं लावता येतात, स्वतःचं घर वाढवता येतं. पुलासाठी वर्गणीसुद्धा देता येते. पूल मंजूर करता येत नाही. बेट तुमच्या मुलीने सुरू केलं, सासूबाई नंतर आल्या. म्हणजे पूल हवा असेल तर ती आल्याशिवाय तो व्हायचा नाही. तोवर सासूबाई एक लांब काठी टेकून नदीवरून उडी मारतात आणि पलीकडे जातात. त्या गेममध्ये सगळे तसंच करतात.

एक पळवाट आहे. त्याच कन्सोलवर मुलीच्या नावाचं प्रोफाइल उघडलं की तिच्या वतीने पूल बांधता येईल. बाजारभावाची वही ठेवणाऱ्या बाईला ही वाट दिसली नसेल असं मला वाटत नाही. तरी त्यांनी ती घेतलेली नाही. तुम्हीही घेऊ नका, आणि कुणाला घेऊ देऊ नका.

कर्जाची चिंता यजमानांना वाटत असेल तर त्यांना सांगा की टॉम नूक हा त्या गावचा घरबांधणीवाला आहे, तानुकी नावाच्या जपानी प्राण्याच्या रूपातला. तंबूचं घर करताना तो पहिलं कर्ज देतो 98,000 बेल्सचं, आणि घर वाढवत गेलं की शेवटचं असतं 24,98,000 बेल्सचं. बेल्स म्हणजे तिथलं चलन, रुपयाशी त्याचा संबंध नाही. त्या कर्जाला व्याज नाही, मुदत नाही, आणि दारात वसुलीला कुणी येत नाही. जमेल तेव्हा, जमेल तेवढं भरायचं. खरा पैसा लागतो तो फक्त नातीच्या बेटावर जाण्यायेण्यासाठी, निंटेंडोच्या ऑनलाइन वर्गणीचा. बाहेरून कुणी «खऱ्या पैशात बेल्स देतो» म्हणालं तर मात्र घेऊ नका. ते कंपनीच्या नियमात बसत नाही आणि फसवणूकही होते.

सलगमचं प्रकरण थोडं जास्त सांगते, कारण बारा वाजता सासूबाई का उठतात ते त्यातच आहे. दर रविवारी पहाटे पाच ते दुपारी बारा या वेळात डेझी मे नावाची रानडुकराची मुलगी डोक्यावर सलगमची पाटी घेऊन बेटावर येते. एका सलगमचा भाव 90 ते 110 बेल्सच्या दरम्यान असतो. घेतलेला माल सोमवार ते शनिवार दुकानात विकायचा. दुकानाचा भाव दिवसातून दोनदा लागतो, एक सकाळचा आणि एक दुपारी बारानंतरचा. पुढचा रविवार उजाडेपर्यंत विकला नाही तर सगळा माल सडतो. म्हणून बाराचा ठोका. म्हणून वही. आठवड्याचे बारा भाव मांडून चढ आहे की उतार ते ओळखायचं आणि कुठे थांबायचं ते ठरवायचं. सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडायची वाट बघणारी माणसं बडोद्यात घरोघर आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ती वही एकदा सासूबाईंजवळ बसून बघा. मी तुमच्या जागी असते तर त्या वहीने माझी अर्धी काळजी मिटली असती. हा गेम मराठीत नाही, हिंदीतही नाही. म्हणजे सासूबाई रोज इंग्रजी वाचून, भाव टिपून, अंदाज बांधून निर्णय घेताहेत. याला खूळ म्हणू नये.

हा गेम कुठून आला तेही तुम्हाला कळायला हवं. कात्सुया एगुची नावाचे निंटेंडोमधले गृहस्थ विशीत असताना नोकरीसाठी चिबाहून क्योतोला आले. घर, आईवडील, मित्र, सगळं मागे राहिलं. ज्यांच्याजवळ नुसतं असणं एवढं मोलाचं होतं ती माणसं आता जवळ नाहीत, हे त्यांना नव्या गावात कळलं. पुढे लग्न झालं, मुलं झाली, आणि रात्री उशिरा घरी यावं तर मुलं खेळून मोकळी झालेली. एकाच वेळी घरात नसलेल्या माणसांना एकत्र खेळता यावं, एकाने दिवसा काहीतरी ठेवून जावं आणि दुसऱ्याला ते रात्री सापडावं, असं काहीतरी त्यांना हवं होतं. त्यातून 2001 मध्ये जपानात पहिला गेम निघाला. तुमच्या घरात आहे तो 2020 च्या मार्चमधला, ‹न्यू होरायझन्स›. जगभर सगळ्यांच्या घरांची दारं बंद होत होती त्याच आठवड्यांत तो आला, आणि त्याच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. ताटातूट झालेल्या एका माणसाने ताटातूट झालेल्यांसाठी या गेमची सुरुवात केली. तुमच्या सासूबाईंच्या हातात तो पडला, तर तो योग्य हातात पडला असं मी मानते.

त्यात जिंकणं-हरणं नाही. घड्याळ खरं चालतं. तुमच्याकडे रात्र झाली की बेटावर रात्र होते, दुकान रात्री दहाला बंद होतं, जमिनीत पुरलेले जीवाश्म रोज चारच निघतात, बाकीचे उद्या. बेटावर जास्तीत जास्त दहा प्राणी शेजारी असतात, कुणी आळशी, कुणी तिरसट, कुणी सतत व्यायाम करणारं. त्यांच्यात मगरीही असतात, आणि बडोद्यातल्या विश्वामित्री नदीकाठच्या माणसांना तर मगरीचा शेजार नवा नाही. चार दिवस गेलं नाही तर शेजारी विचारतात, कुठे होतात?

म्हणजे मुद्दाम अडकवून ठेवणारा हा गेम नाही. रोजचं काम तास-सव्वा तासात उरकतं. वरचे दोन तास कुठे जातात हा प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही तो विचारलात हे बरं केलंत. माझा अंदाज विचाराल तर ते दोन तास गेमचे नाहीत, घरातल्या रिकाम्या दुपारचे आहेत. नात शाळा-कॉलेजातून यायची, काहीतरी मागायची, बडबडायची. ती वेळ आता मोकळी आहे आणि तुम्ही दोघं आपापल्या कामात असता.

मंडळाचं कारण तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिलंय की ते आता वाघोडिया रोडला भरतं. आधी ते चालत जाण्याच्या अंतरावर असणार, वाटेत दोन ओट्यांवर थांबून बोलता येत असणार. एकाहत्तराव्या वर्षी संध्याकाळच्या गर्दीत एकटीने रिक्षा ठरवून जायचं, अंधार पडल्यावर परत रिक्षा शोधायची, यात अडचण पैशांची नसते. स्विच काढून घेतला म्हणून त्या मंडळात जाणार नाहीत, नुसत्या बसून राहतील. जाताना कुणाची सोबत मिळते का पाहा. किंवा पंधरा दिवसांतून एकदा हरिपाठ तुमच्या घरी ठेवा. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांच्या पुढच्या खोल्या त्यासाठीच तर आहेत. चहा आणि लीलो चेवडो एवढं पुरे.

गोळीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने ठाम आहे. बीपीची गोळी राहता कामा नये. गोळीची डबी स्विचच्या चार्जरजवळ ठेवा आणि ठरवून टाका की संध्याकाळी गोळी घेतल्याशिवाय कन्सोल उघडायचा नाही. त्यांना ते शिक्षा वाटू नये, म्हणून नातीकडून सांगून घ्या. डोळ्यांसाठी आणखी एक करा. ‹लाइट› मॉडेल नसेल तर स्विच डॉकमध्ये, म्हणजे त्याच्यासोबत येणाऱ्या स्टँडमध्ये, ठेवून टीव्हीला जोडता येतो. अक्षरं मोठी होतील, मान खाली घालून बसावं लागणार नाही. डॉक बहुधा मुलीच्या कपाटात मूळ खोक्यातच असेल.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही लिहिते. जेवण टाळायला लागल्या, रात्री उठून खेळायला लागल्या, लपवायला लागल्या, किंवा बेटावरच्या शेजाऱ्यासाठी खरंच ताट वाढायला लागल्या, ओळखीची नावं आणि रोजच्या वाटा चुकायला लागल्या, तर थांबू नका. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. उघडपणे, तुमच्यादेखत, वेळेच्या वेळी त्या खेळतात.

आता मी पत्राच्या शेवटच्या ओळींकडे येते. तुम्ही सासूबाईंबद्दल लिहायला बसलात, पण सगळ्यात दुखरी ओळ स्वतःबद्दलची लिहिलीत: माझ्याशी मुलगी पाच मिनिटं बोलते. ती ओळ वाचून मी थांबले. लेक गेल्याचं दुःख घरात तिघांनाही आहे, ताई. सासूबाईंना ते ठेवायला एक जागा मिळाली, तुम्हाला मिळालेली नाही. दर रविवारी स्वयंपाकघरात उभं राहून दोघींचं हसणं ऐकायचं आणि त्यात आपण नाही, हे सोसणं सोपं नाही. त्या पोटी स्विचचा राग आला असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण फोन पाच मिनिटांत का संपतो ते पाहा. फोनवर आपण विचारतो आणि मूल उत्तर देतं. जेवलीस का, हो. थंडी आहे का, हो. परदेशात एकटी राहणारी मुलगी दिवसभर स्वतःचा हिशेब देतच असते, आईला द्यायला तिच्याकडे तेवढाच उरतो. आजीशी ती हिशेब देत नाही, आजीबरोबर ती काहीतरी करते. मासा गळाला लागतो, सुटतो, आकाशातून तारा पडतो, दोघी वर बघून इच्छा मागतात, आणि मधेच नात म्हणते, आज क्लासमध्ये मला काहीच कळलं नाही गं. मेथीची जुडी निवडत बसलेल्या दोन बायकांच्या तोंडून जसं मनातलं आपोआप बाहेर येतं, तसं ते येतं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर आलं नसतं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. नात आजीच्या बेटावर येते तेव्हा तिथे घड्याळ आजीचं चालतं. रविवारी संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात टोरांटोत सकाळचे आठ. तिच्या खिडकीबाहेर सकाळ असते, पण आजीच्या बेटावर पाऊल ठेवलं की तिच्यासाठीही संध्याकाळ होते, बडोद्यातली. देवापाशी दिवा लागायची वेळ. डिसेंबरच्या मध्यापासून त्या बेटावर बर्फ पडेल. बडोद्यात बसून सासूबाई बर्फातून चालतील, आणि नात खऱ्या बर्फातून चालून घरी आलेली असेल.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. स्विच काढून घेऊ नका, तुम्ही आत जा. एका बेटावर आठ माणसांना घर बांधता येतं. कन्सोलवर तुमच्या नावाचं नवं प्रोफाइल काढा आणि त्या प्रोफाइलवरून गेम उघडा. विमानतळावर उतराल, तंबू मिळेल, तो कुठे लावायचा ते विचारलं जाईल. तेव्हा सासूबाईंना जवळ बसवा आणि जागा त्यांना निवडू द्या. नदी कुठे आहे, कुठून मासे लागतात, लेकीचं घर कुठल्या बाजूला आहे, ते त्यांना माहीत आहे. सून म्हणून तुम्ही त्यांच्या घरात आलात तेव्हा डाळीचं प्रमाण त्यांना विचारलं असेल, तसं आता हे विचारा. त्यांना किती बरं वाटेल ते तुम्हाला लगेच दिसेल.

दोघींना एका वेळी, एकाच टीव्हीवर खेळता येतं. स्विचच्या दोन बाजूंची बटणांची सुटी होणारी हातकळ म्हणजे जॉय-कॉन. एकीच्या हाती एक जॉय-कॉन, दुसरीच्या हाती दुसरा. गेममधल्या मोबाइलवरून ‹रहिवाशाला बोलवा› केलं की दुसरीही पडद्यावर येते. एक पुढे चालते, कॅमेरा तिच्यामागे जातो, आणि मागची जे उचलते ते कार्यालयातल्या जमा पेटीत जाऊन पडतं, तिथून नंतर घेता येतं. सुरुवातीला तुम्ही मागे राहा, त्यांना पुढे चालू द्या.

रविवारची वेळ मात्र त्या दोघींचीच राहू द्या. त्यात एकदम शिरू नका, लेकीलाही अवघडल्यासारखं होईल. त्याऐवजी विमानतळावरून तिच्या बेटावर पत्र पाठवा. पत्रासोबत एक वस्तू देता येते. तुम्ही पकडलेला पहिला मासा पाठवू नका, फळ पाठवा, तुमच्या बेटाचं. खाली चार ओळी लिहा, पण प्रश्न एकही विचारू नका. ती उठेल, पत्रपेटीचा दिवा लुकलुकताना पाहील, आणि त्यात आईचं पत्र असेल. पुढचा फोन ती तुम्हाला करेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण बोलायला काहीतरी नवं असेल, एवढं नक्की.

सासूबाईंना घराबाहेर काढायचं असेल तर बेटाचाच आधार घ्या. तिथल्या संग्रहालयात ब्लॅदर्स नावाचं घुबड जीवाश्म ओळखून देतं. किड्यांचा त्याला तिटकारा आहे, तरी किडे घेतं. सासूबाई रोज त्याच्याकडे हाडं घेऊन जात असतील. एका रविवारी सकाळी, डेझी मेकडून सलगम घेऊन झाल्यावर, त्यांना कमाटीबागेतल्या आपल्या संग्रहालयात न्या. निळ्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे. 1944 साली मही नदीच्या खाडीत आलेला हा देवमासा, सत्तर फुटांहून लांब. लहानपणी पाहिला असेल, आता वेगळ्या नजरेने बघतील. फोटो काढा, संध्याकाळी नातीला दाखवायला होईल. चालणंही होईल, आणि «फिरायला चला» म्हणून मागे लागावं लागणार नाही.

कुणी «घड्याळ पुढेमागे करून दे, पटपट होईल» असा सल्ला दिला तर ऐकू नका. घड्याळ मागे नेलं की सलगम जागच्या जागी सडतात, आणि वहीतली मेहनत वाया जाते.

राहिल्या नणंदबाई. त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही. «त्यात लेकीचं घर आहे, पुसता येणार नाही» एवढंच सांगा. नातवाला खेळायचं असेल तर सुट्टीत चार दिवस पणजीकडे पाठवा म्हणावं. आठांपैकी तुम्ही तिघी झालात तरी पाच जागा उरतात, त्यातली एक त्याची. फक्त त्याचंही प्रोफाइल वेगळं काढा, आणि सलगम अंगणात मांडून ठेवले असतील तर तो यायच्या आधी सासूबाईंना सांगून घरात ठेवून घ्या.